पेल्यातले दहा थेंब

यंदा पवित्र गुरुवारच्या मिस्सेत पहिलं वाचन माझ्याकडं आलं. त्यात कौतुकाचं काही नाही. आमच्या हळ्ळीखेडला कॅथलिक घरं इतकी थोडी की सुट्टीला घरी आलेल्या प्रत्येकाच्या गळ्यात काही ना काही काम पडतंच. मिस्सा कन्नडमध्ये असते. माझं कन्नड बरं असलं तरी डोकं मराठीतच चालतं, म्हणून आदल्या रात्री तोच उतारा मराठी बायबलमध्ये काढून मोठ्यानं वाचत बसले. निर्गमचा बारावा अध्याय. कोकरू, दाराच्या चौकटीला लावलेलं रक्त, बेखमीर भाकरी, कडू भाजी, आणि पायात वहाणा घालून घाईघाईनं उरकायचं जेवण. मिसर देशातल्या गुलामगिरीतून यहुदी लोक बाहेर पडले, त्या रात्रीची ही गोष्ट. दरवर्षी ऐकते, दरवर्षी कानावरून जाते.

मिस्सेतलं वाचन चौदाव्या ओवीला थांबतं. मी त्या रात्री न थांबता पुढं वाचत गेले. पुढं असं आहे की, उद्या तुमची मुलं विचारतील, या विधीचा अर्थ काय, तेव्हा त्यांना सगळं नीट सांगा. मुलं विचारणार हे तिथं गृहीतच धरलेलं आहे.

आज्जी पलंगावर पडून ऐकत होती. तिचं माहेर भालकीकडचं एक खेडं. १९४८ साली ती आठ-नऊ वर्षांची होती. माझ्या लक्षात आलं की एकवीस वर्षं मी हिच्या कुशीत झोपले, पण हिला कधी काही विचारलंच नाही. म्हणून विचारलं, "आज्जी, पोलीस ॲक्शनच्या टायमाला तू लहान होतीस ना? काय आठवतं गं तुला?"

ती जरा वेळानं म्हणाली, "आमच्या शेजारी मणियाराचं घर होतं. त्याची बायको मला फुटक्या बांगड्या द्यायची खेळायला."

"मग?"

"मग काय. गेले."

"गेले म्हणजे? गाव सोडून गेले, का..."

आज्जीनं कूस बदलली. "कशाला इचारूलालीस आता? झोप. उद्या वाचायचंय तुला."

'गेले' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ होतात. त्यातला कोणता खरा, हे मला अजून कळलेलं नाही. पण त्या रात्रीपासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. दुःखाचा इतिहास आठवायचा तो कशासाठी, आणि कसा? या प्रश्नावर हजारो वर्षं काम केलेला समाज म्हणजे ज्यू. त्यातला एक भाग तर आपल्याच भाषेत बोलणारा. म्हणून हा लेख.

आधी थोडी ओळख. ज्यू लोकांचा पेसाह, म्हणजे मराठी बायबलमधला वल्हांडण सण, हा देवळात कमी आणि घरातल्या जेवणावर जास्त साजरा होतो. त्या जेवणाला सेदर म्हणतात. ताटात बेखमीर भाकरी असते, कारण पळताना पीठ फुगायला वेळ नव्हता. कडू पाला असतो, गुलामीची चव म्हणून. मिठाचं पाणी असतं, अश्रूंची आठवण म्हणून. घरातलं सगळ्यात लहान मूल उठून विचारतं की आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का, आणि मग मोठी माणसं गोष्ट सांगायला लागतात. ज्या पुस्तिकेतून ही गोष्ट वाचतात तिला हग्गादा म्हणतात. त्यात एक अपेक्षा अशी आहे की प्रत्येक पिढीतल्या माणसानं, आपण स्वतःच मिसरमधून बाहेर पडलो, असं मानावं.

या हग्गादाची एक आवृत्ती १८७४ साली आपल्या पुण्यात छापली गेली. एका बाजूला हिब्रू, सोबत मराठी. त्यातल्या चित्रात साड्या नेसलेल्या बाया जमिनीवर बसून सणाच्या भाकरी करताना दिसतात. ही पुस्तिका होती बेने इस्रायल समाजासाठी. हे कोकणातले मराठी ज्यू. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीचे तिथंच पुरले गेले. वाचलेल्यांनी तेल गाळायचा धंदा धरला. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणायला लागले. पेणचे ते पेणकर, केहीमचे ते केहीमकर, अशी आडनावंही मराठमोळी झाली.

या समाजाच्या सणांची जुनी नावं वाचून मी थक्क झाले. पेसाहला ते 'अनाशी ढाकायचा सण' म्हणत. अनाशी म्हणजे आंबवलेल्या पदार्थाची बरणी. सणाच्या दिवसांत ती झाकून ठेवायची. कारण आंबवलेलं चालत नाही, एवढंच हाताला ठाऊक होतं. कित्येक पिढ्या पोथी नाही, हिब्रू जाणणारं कुणी नाही. मिसरची गोष्ट अंधुक झाली, पण बरणीवरचं झाकण मात्र दरवर्षी नेमानं बसत राहिलं. दुसरा सण 'बिरड्याचा'. जेरुसलेमचं मंदिर इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्यानं जाळलं, त्या शोकाचा उपास ज्यू लोक आव महिन्याच्या नवमीला करतात. आपल्या कोकणातल्या ज्यूंच्या तोंडी त्या दिवसाला नाव पडलं ते वालाच्या बिरड्याचं. जगाच्या इतिहासातला एवढा मोठा शोक, आणि तो टिकला एका उसळीच्या नावात!

इथं मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. बेने इस्रायलांना कोकणात ज्यू म्हणून कुणी छळलं नाही. युरोपात ज्यूंच्या वस्त्या जळत होत्या, तेव्हा हे लोक रायगडाच्या परिसरात घाणा चालवत होते. म्हणजे ज्या दुःखासाठी ते उपास करत होते ते त्यांच्या आज्या-पणज्यांच्या अंगावर आलेलं नव्हतं. तरी त्यांनी ते आपलं मानलं. दुःख आठवायला ते आपल्याच घरात घडलेलं असावं लागत नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले.

पण नुसतं आठवून काय होतं? आठवणीतून सूडही उगवतो. आपल्याकडं तर रोज उगवताना दिसतो. ज्यू परंपरेनं या धोक्यावर काय केलं, ते बघण्यासारखं आहे. एक म्हणजे, आठवणीला लगेच एक आज्ञा जोडली. तुम्ही मिसरमध्ये परके होता, परक्याचं मन कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तुमच्यात राहणाऱ्या परक्याला छळू नका, असं बायबलच्या जुन्या करारात पुन्हा पुन्हा येतं. 'तुम्हाला छळलं, म्हणून आता तुमची पाळी' असा हिशोब तिथं मांडलेला नाही.

दुसरी गोष्ट सेदरच्या जेवणातली आहे, आणि मला ती सगळ्यात जास्त भिडली. मिसरवर आलेल्या दहा पीडांची नावं घेतात तेव्हा प्रत्येक नावाला पेल्यातला द्राक्षरसाचा एकेक थेंब बाहेर काढतात. दहा पीडा, दहा थेंब. अनेक ज्यू घरांत मुलांना त्याचा अर्थ असा सांगतात की आपली सुटका झाली हे खरं, पण त्या सुटकेत मिसरची माणसंही मेली. ती आपली शत्रू होती, तरी मेलीच. म्हणून आज आपला पेला काठोकाठ भरलेला नसावा. सुटकेच्या सणाच्या दिवशी, आपल्याच ताटावर बसून, ज्यांनी छळलं त्यांच्या मेलेल्यांसाठी आपल्या आनंदातले दहा थेंब कमी करायचे. मला वाटतं, दुःखाच्या आठवणीला अर्थ येतो तो इथं.

मी कॅथलिक आहे, म्हणून हे लिहिताना माझ्या स्वतःच्या घरातलं झाकणही उघडायला हवं. आमची सगळ्यात मोठी आठवण म्हणजे क्रुसावरचं मरण. तीही दुःखाचीच. प्रभू येशूनं शिष्यांबरोबर केलेलं शेवटचं भोजन पहिल्या तीन शुभवर्तमानांत वल्हांडणाचंच भोजन आहे, आणि 'माझ्या स्मरणार्थ हे करा' ही आज्ञा त्याच पंगतीतली. पण त्या आठवणीचं आम्ही काय केलं? कित्येक शतकं गुड फ्रायडे आला की युरोपातल्या ज्यूंनी दारं लावून बसायचं, कारण देवाला मारल्याचा आळ त्यांच्यावर. शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेत ज्यूंसाठी वापरला जाणारा 'विश्वासघातकी' अशा अर्थाचा लॅटिन शब्द पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ साली काढून टाकला. येशूच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सरसकट सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर ठेवता येत नाही, हे चर्चनं अधिकृतपणे सांगितलं ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी.

आणि हे सगळं लांब युरोपातच घडलं असंही नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होतं. गार्सिया द ऑर्ता हा तिथला पोर्तुगीज वैद्य, भारतातल्या औषधी वनस्पतींवर १५६३ साली गोव्यातच त्याचं पुस्तक छापलं गेलं. त्याचं घराणं मूळ ज्यू. त्याच्या मरणानंतर वर्षभरात त्याच्या बहिणीला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याबद्दल जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडं थडग्यातून उकरून जाळली. हे माझ्या चर्चनं केलं. लहानपणापासून धर्मशिक्षणाच्या वर्गात मी छळ सोसलेल्या संतांच्या गोष्टी ऐकल्या. ऑर्ताच्या हाडांची गोष्ट मला कुणी सांगितली नाही. मीही विचारलं नाही. पुढं १९९८ साली शोआवर, म्हणजे ज्यूंच्या संहारावर, व्हॅटिकननं जे निवेदन काढलं त्याचं नावच 'आम्ही स्मरण करतो' असं होतं. २००० साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये जाहीरपणे क्षमा मागितली. चर्चच्या पेल्यातून थेंब काढायला एवढी शतकं लागली. तरी काढले, याचा मला अभिमान वाटतो.

आता आपल्या भागाकडं येते.

१७ सप्टेंबर आपल्याकडं मोठा दिवस. महाराष्ट्रात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, आपल्या बिदर-कलबुर्गीत आधी हैदराबाद-कर्नाटक विमोचन दिन आणि २०१९ पासून कल्याण कर्नाटक उत्सव दिन. शाळेत झेंडावंदन, भाषण, खाऊ. रझाकारांचे अत्याचार आम्हाला सांगितले जायचे आणि ते सांगायलाच हवेत. कासिम रझवी हा लातूरचा वकील, त्याच्या रझाकारांनी निजामाच्या राजवटीच्या शेवटच्या काळात गावंच्या गावं हैराण केली. आपल्याच बिदर जिल्ह्यातल्या गोरट्यात १९४८ च्या मे महिन्यात त्यांनी कत्तल केली. दोनशेच्या आसपास माणसं मारली गेली असं सांगतात. त्यांची आठवण राहायला हवी, तिथं स्मारक झालं हेही योग्यच झालं.

पण आमच्या भाषणांतली गोष्ट १७ सप्टेंबर १९४८ ला संपायची. भारतीय सैन्य आलं, निजाम शरण आला, आपण सुटलो. टाळ्या. नंतरच्या आठवड्यांत काय झालं ते मला थेट कॉलेजात आल्यावर कळलं. पंडित नेहरूंच्या सरकारनं पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना या भागात पाहणीला पाठवलं. ते गावोगाव फिरले. त्यांच्या अंदाजानं पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, त्यांत बहुतेक मुसलमान. सगळ्यात जास्त झळ बसली ती उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना. म्हणजे आपल्यालाच. हा अहवाल सरकारनं छापलाच नाही. सामान्य वाचकांपर्यंत तो पोचला २०१३ च्या सुमारास, साठ-पासष्ट वर्षांनी.

आज्जीचे मणियार 'गेले' ते याच दिवसांत.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे, तीही सांगायला हवी. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, हल्ला करायला आलेल्या हिंदूंना आडवं जाऊन, काहींनी तर स्वतःचा जीव देऊन. गोष्ट १७ तारखेला तोडली की मेलेले जातातच, पण ही वाचवणारी माणसंही जातात. आपल्याच गावातल्या एवढ्या मोठ्या माणसांची आपल्याला नावंसुद्धा माहीत नाहीत.

माझ्या एका मैत्रिणीला मी हे बोलले, तेव्हा ती म्हणाली, "कशाला जुन्या खपल्या काढायच्या? आता सगळे नीट राहतायत ना?" तिचा मुद्दा मी हलका मानत नाही. जुन्या गोष्टी उकरून दंगली पेटवणारे आपण बघतोच. विसरण्यातही शहाणपण असतं. येहुदा एल्काना हे स्वतः लहानपणी ऑशविट्झमधून वाचलेले विचारवंत. त्यांनी १९८८ साली इस्रायलमध्ये लेख लिहून सांगितलं की आपल्या समाजानं आता विसरायला शिकलं पाहिजे, कारण संहाराची आठवण भीती आणि द्वेष पोसते आहे. ज्यू परंपरेत दहा थेंबांसोबत अमालेक या शत्रूनं काय केलं ते विसरू नका आणि त्याचं नाव पुसून टाका अशी कठोर आज्ञाही आहे, आणि तिचा आधार घेऊन द्वेष पसरवणारेही आहेत. १९४८ हेच साल इस्रायलच्या जन्माचं, आणि तेच साल लाखो पॅलेस्टिनी बेघर झाल्याचं. तिथंही कुणाच्या पेल्यातून किती थेंब निघाले, हा प्रश्न आहेच. ज्यू समाज आपल्या आठवणीशी अजून भांडतो आहे, आणि त्यातले कित्येकजण उघडपणे भांडतात, म्हणून तर त्यांच्याकडून शिकावंसं वाटतं.

पण मैत्रिणीला माझं उत्तर असं की आपण विसरलेलो नाही. आपण अर्धं आठवतो आणि अर्धं झाकून ठेवतो. आज्जी विसरलेली नाही. तिला बांगड्यांचे रंगसुद्धा आठवतात, हे मला नंतर कळलं. बेने इस्रायलांच्या बरणीसारखं आपल्या घराघरांतही काहीतरी झाकलेलं आहे, का झाकलं ते पुढच्या पोरांना माहीत नाही. फरक एवढाच, त्यांच्या हाती पुढं गोष्ट सांगणारी मराठी पुस्तिका आली. आपल्याला ती अजून लिहायची आहे.

आणि कुणी म्हणेल, 'तू गोरट्याची आणि नंतरच्या मेलेल्यांची बरोबरी करतेस.' मी तराजू काढलेलाच नाही. दहा थेंब काढल्यानं ज्यूंची गुलामगिरी खोटी ठरत नाही, आणि सणही रद्द होत नाही. पेला उरतोच, फक्त थोडा कमी भरलेला. तसंच १७ सप्टेंबरला झेंडा लावावा, गोरट्याच्या मेलेल्यांना नमस्कार करावा, आणि त्याच भाषणात दोन मिनिटं पुढची गोष्टही सांगावी. त्यानं आपलं स्वातंत्र्य कमी होत नाही.

म्हणून आपल्या वाङ्मय मंडळाला माझी एक सूचना आहे. येत्या १७ सप्टेंबरला आपण स्पर्धा, प्रमुख पाहुणे, हारतुरे काही ठेवू नये. त्याआधीच्या सुट्टीत प्रत्येकानं आपल्या घरातल्या किंवा गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारावा, "तेव्हा काय झालं होतं?" धर्म कुठलाही असो, भाषा मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू कुठलीही असो. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणावं, कुणाचं नाव उघड होणार नाही याची काळजी घ्यावी, आणि त्या संध्याकाळी एकमेकांना वाचून दाखवावं. वाद घालायचा नाही, हिशोब करायचा नाही. ऐकायचं. त्या वेळी दहा वर्षांचे असलेले लोक आता नव्वदीच्या घरात आहेत. आपल्याला फार वर्षं मिळणार नाहीत.

आमच्या गावाच्या नावापुढं कंसात 'बी' आहे. बाहेरचे लोक त्यावरून हसतात. तो 'बी' म्हणजे बुजुर्ग, म्हणजे थोरलं, वडीलधारं. महाराष्ट्रात ज्याचं 'बुद्रुक' झालं तोच फारसी शब्द. गोरटाही (बी)च. निजामाच्या काळातला शब्द आपण रोज बसच्या पाटीवर वाचतो आणि त्याचा कुणाला राग येत नाही. मग बुजुर्गांना दोन प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

इस्टरच्या दिवशी दुपारी आज्जी आपणहून म्हणाली, "हिरव्या होत्या. आणि थोड्या लाल. मणियाराच्या बायकोचं नाव मला आठवलं तर सांगीन तुला." अजून आठवलेलं नाही. मी दर रविवारी फोन करून विचारते.